‘नंतर’ म्हणणारा शिष्य

एकदा, म्हणजे संगणक घरोघरी येऊन बसले त्याच्याही पुष्कळ नंतर, एका लहानशा शहरात एक वृद्ध गवई राहत होते. लोक त्यांना नुसतं बुवा म्हणत. गुडघे थकले होते, पण गळा ताजा होता आणि कान असे तिखट की शेजारच्या कुकरची शिट्टी कोणत्या पट्टीत झाली हे ते जेवता जेवता सांगत.

त्यांचा एक शिष्य होता, श्रीरंग नावाचा. चाळिशी ओलांडलेला, नोकरी सांभाळून गाणारा, गुरूवर मनापासून श्रद्धा असलेला. बुवांच्या घरी संगणक आला तो त्याच्याच हातून. टेबल मांडून, तारा जोडून त्यानं पडदा उजळून दाखवला तेव्हा बुवा म्हणाले होते, “श्रीरंगा, या विद्येत तू गुरू आणि मी शिष्य.” बुवा हे हसत म्हणाले; श्रीरंगनं मात्र ते गंभीरपणे घेतलं. वास्तविक त्याची ही विद्या बेताचीच. कुणी दाखवलं असेल तिथं दाबायचं, अडलं तर बंद करून पुन्हा सुरू करायचं, एवढ्यावर त्याचं पांडित्य चालत असे. परंतु एवढ्या मोठ्या गवयानं आपल्याला गुरू म्हणावं, ही गोष्ट भल्याभल्यांच्या डोक्यात गेली असती. त्याच्याही गेली.

संगणक आणला होता शरयूसाठी. शरयू ही बुवांची दुसरी शिष्या. लग्न होऊन दूर कोकणात गेलेली, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणारी. तासभरसुद्धा घर सोडणं तिला शक्य नव्हतं. म्हणून दर गुरुवारी सकाळी, सासूचं आवरून झालं की ती आपल्या घरच्या संगणकापुढे बसे आणि इकडे बुवा बसत. शिकवण्यांसाठी असलेल्या एका संकेतस्थळावर दोघांची गाठ पडे. तिचा पाठ झाला की श्रीरंगचा. म्हणून तो थोडा आधीच येऊन सगळं सुरू करून देई. बुवांच्या आठवड्यातली ती सगळ्यात आनंदाची वेळ होती. गुरुवारी ते चहासुद्धा घाईनं संपवत.

पुढे एका गुरुवारी पडद्याच्या माथ्यावर एक पिवळी पट्टी उमटली. ब्राउझरची, म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेट बघतो त्या प्रोग्रामची, नवी आवृत्ती आली आहे, ती घ्यावी, असं तिच्यावर लिहिलं होतं. शेजारी दोन बटणं होती, एक ‘आता’ आणि दुसरं ‘नंतर’. बुवांनी विचारलं, “काय करू? घेऊ का?”

श्रीरंगनं पुढे केलेला हात मागे घेतला. कारण काही दिवसांपूर्वीच त्यानं आपल्या घरी असं ‘आता’ दाबलं होतं. नेहमीची बटणं जागा सोडून गेली, साठवलेले पासवर्ड नाहीसे झाले, विजेचं बिल भरायचं पान सापडेना, आणि बायकोमुलांसमोर त्याची चांगली फजिती झाली. तेच इथं, बुवांसमोर झालं तर? ‘मला जमेल असं वाटत नाही,’ एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी तो घसा साफ करून मोठ्यानं म्हणाला, “बुवा, नव्या आवृत्तीत फार दोष असतात. घाई करू नये. जरा मुरू द्यावी.”

‘मुरू द्यावी’ हे बुवांना फार पटलं. राग मुरू द्यावा लागतो, लोणचं मुरू द्यावं लागतं, तसंच हेही असणार. त्यांनी निमूटपणे ‘नंतर’ दाबलं. मग ती पट्टी वारंवार येऊ लागली आणि श्रीरंग वारंवार ‘नंतर’ दाबू लागला. तुम्ही-आम्हीही दाबतोच म्हणा. पण आपण कंटाळ्यानं दाबतो. तो अब्रू राखायला दाबत होता.

असं करता करता एक दिवस ते संकेतस्थळ उघडेनाच. पांढऱ्या पानावर इंग्रजीत एक सूचना आली. श्रीरंगनं ती वाचली. अर्थ अगदी सरळ होता: तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, नवा घेतल्याशिवाय आत येता येणार नाही. बुवांचं इंग्रजी जेमतेम. “काय म्हणतंय?” त्यांनी विचारलं.

सांगायचं म्हणजे आधी आपला सल्ला चुकला हे सांगायचं, आणि मग त्यांच्यादेखत ते ‘आता’ दाबायचं. “तिकडे नेट नसेल,” श्रीरंग म्हणाला. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच पान आणि पुन्हा तेच उत्तर. त्याच्याही पुढच्या खेपेला बुवा काळजीनं विचारत राहिले तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, “सोडलं असेल हो तिनं. संसारातून बायकांना कुठला वेळ!”

“सोडलं? मला न सांगता?” एवढंच बुवा म्हणाले आणि त्यांनी तंबोऱ्यावर गवसणी चढवली. त्या सकाळी त्यांनी श्रीरंगचाही पाठ घेतला नाही.

आता कुणी म्हणेल, एक फोन केला असता तर? पण बुवांच्या घराण्याची रीत निराळी. गुरूनं शिष्याला बोलावणं पाठवायचं नाही, शिकणाऱ्यानं आपल्या ओढीनं यायचं. आणि गुरू शिकवेनासा झाला तर शिष्यानं ‘का’ विचारायचं नाही, थांबायचं. श्रीरंग याच रीतीत वाढला होता. दोन्हीकडची माणसं तोंड उघडणार नाहीत, म्हणूनच आपलं खोटं टिकून आहे, हे त्याला पुरतं कळत होतं. ते कळत होतं म्हणूनच त्याला स्वतःची शरम वाटू लागली. घरी रियाजाला बसलं की षड्ज लागेना. बुवांनी कौतुकानं पाठीवर हात ठेवला की त्यांनी तो लवकर काढून घ्यावा असं वाटे. येत्या गुरुवारी सगळं सांगून टाकायचं, असं तो मनाशी ठरवी आणि गुरुवार उजाडला की पुढच्या गुरुवारवर ढकली. मनातदेखील तो ‘नंतर’च दाबत होता.

अशाच एका गुरुवारी तो आला, तर खोलीत वेगळीच मांडामांड दिसली. संगणकापुढे तबक ठेवलेलं. त्यात नारळ, विड्याची पानं, शेवंतीची फुलं आणि लाल दोरा. खुर्चीवर बुवांची ठेवणीतली शाल अंथरलेली. बुवा स्वतः मात्र खाली सतरंजीवर, दुखरे गुडघे कसेबसे दुमडून बसले होते.

“ये. वर बस,” ते म्हणाले.

“हे काय बुवा?”

“गंडाबंधन.”

गुरूनं शिष्याच्या मनगटावर दोरा बांधून त्याला आपला म्हणायचं, तो हा विधी. श्रीरंग तरुण असताना बुवांनी त्याच्या मनगटावर तो बांधला होता. “कुणाचं?” त्यानं गोंधळून विचारलं.

“माझं. या विद्येत तू गुरू ना? मग रीतसर होऊ दे.” बुवांनी आपला सुरकुतलेला हात पुढे केला.

थट्टा चालली असावी असं श्रीरंगला वाटलं. पण बुवांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. “अहो, असं काय करता? मला पाप लागेल,” असं म्हणत तो खाली बसू लागला. बुवांनी हातानंच त्याला थांबवलं.

“तुला दोरा बांधताना मी काय बोललो होतो, आठवतं?”

“जे मला येतं ते तुझ्यापासून राखून ठेवणार नाही, असं म्हणाला होतात.”

“हे निम्मं झालं. उरलेलं?”

उरलेलंही श्रीरंगला आठवत होतं. पण ते बोलायला त्याची जीभ रेटेना. तेव्हा बुवाच शांतपणे म्हणाले, “जे मला येत नाही, ते येतं असं तुला भासवणार नाही. हे उरलेलं. पहिलं वचन पाळणं सोपं असतं रे. आपल्याजवळचं द्यायला माणसाला आवडतंच, त्यात मोठेपणा मिळतो. दुसरं पाळताना जीव जातो. माझे गुरुजी एकदा चारचौघांत मला म्हणाले, ‘हा राग मला येत नाही, तू दुसरीकडे जाऊन शीक.’ त्या दिवशी मी खऱ्या अर्थानं त्यांचा झालो. श्रीरंगा, स्वराची खात्री नसली की तू आवाज चढवतोस. ही तुझी जुनी खोड. या यंत्राविषयी बोलतानाही तुझा आवाज चढतो. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण चढवलेला आवाज कळतो. तेव्हा तू दोरा बांध, आणि बांधताना दोन्ही वचनं म्हण. मग तू सांगशील ते मी मुकाट्यानं ऐकेन.”

श्रीरंगनं तबकातला दोरा उचलला. पहिलं वचन कसंबसं ओठावर आलं, दुसऱ्यापाशी तो अडखळला आणि सरळ बुवांच्या पुढ्यात सतरंजीवर बसला.

“बुवा, मला यातलं काही येत नाही. कधीच येत नव्हतं. आणि शरयूताईंनी शिकणं सोडलेलं नाही. ब्राउझर जुना झालाय, नवा घ्या, असं त्या पानावर लिहिलं होतं. मी ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं.”

शिष्याचं अज्ञान बुवांनी आवाजावरून ताडलं होतं. त्याचं खोटं मात्र त्यांना ओळखता आलं नव्हतं. ते रागावले असते तर श्रीरंगला हायसं वाटलं असतं. पण ते रागावले नाहीत. “इतके दिवस मी त्या पोरीला मनातल्या मनात बोल लावत होतो,” ते म्हणाले, “तिचा काही दोष नसताना.” हे ऐकून श्रीरंगला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

थोड्या वेळानं बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. “चल, ते बटण दाबू.”

“आणि बिघडलं तर?”

“तर बिघडलेल्यापुढे दोघं मिळून बसू.”

श्रीरंगनं ‘आता’ दाबलं. एक निळी रेघ मंद गतीनं पुढे सरकू लागली आणि तिच्याबरोबर त्याला घाम फुटू लागला. खिडकी बंद झाली, पुन्हा उघडली. सगळं अनोळखी होतं. ज्याची धास्ती होती तेच झालं. संकेतस्थळानं पासवर्ड मागितला.

“तो कुठं मिळतो?” बुवांनी विचारलं.

“मला माहीत नाही,” श्रीरंग म्हणाला.

हे वाक्य तो त्या घरात प्रथमच बोलत होता, आणि त्याचा आवाज चढलेला नव्हता. बुवांनी पुन्हा मनगट पुढे केलं. “आता बांध,” ते म्हणाले. श्रीरंगनं दोन्ही वचनं म्हणत दोरा बांधला. मग चष्मे सावरून गुरू-शिष्य पडद्याचा कानाकोपरा धुंडाळू लागले. ‘पासवर्ड विसरलात का?’ ही बारीक अक्षरातली ओळ अखेर बुवांनाच दिसली. त्यांच्या मोबाइलवर आकडे आले, ते एकदा चुकीचे भरले गेले, पुन्हा मागवावे लागले, आणि पुष्कळ खटपटीनंतर वर्गाचं पान उघडलं.

पलीकडे शरयू बसलेली होती. गुरुवारची वेळ झाली की ती बसतच होती. रिकाम्या पानापुढे थांबायची आणि पाठाची वेळ सरली की उठून कामाला लागायची. बुवा दिसताच तिनं हात जोडले, पदरानं डोळे पुसले आणि कुणी काही बोलायच्या आत घाईघाईनं म्हणाली, “बुवा, तुम्ही शिकवणं का थांबवलंत ते कळलं मला. त्या दिवशी तोडीचा गंधार मी चढा लावला. तुम्ही सांगितलंत, तरी परत चढाच लावला. तुम्ही रागावणारच. रोज तेवढा एकच स्वर घोटलाय बुवा. एकदा ऐकाल का?”

बुवांनी श्रीरंगकडे पाहिलं नाही. त्याला दोष दिला नाही आणि त्याची सुटकाही केली नाही. आता बोलायचं ते आपणच, हे श्रीरंगला उमगलं. तो वाकून पडद्यासमोर आला.

“ताई, बुवा रागावले नव्हते. इथला ब्राउझर जुना राहिला म्हणून पान उघडत नव्हतं, आणि तो जुना ठेवला मी. नवा घ्यायची मला भीती वाटत होती. तुम्ही शिकणं सोडलंत, असं बुवांना मीच सांगितलं.”

शरयू त्याच्याकडे पाहत राहिली. तिला राग आला नाही असं नव्हे. तिचे ओठ घट्ट मिटले होते. मग ती हळू आवाजात म्हणाली, “बुवांनी मला टाकलं, असं मी सासूबाईंना सांगितलं होतं. त्या माझ्यासाठी रडल्या.” श्रीरंगची मान खाली गेली.

“पण बाई, गंधार चढा लागला होता हे खरंच आहे,” बुवा म्हणाले. त्यांनी तंबोऱ्याची गवसणी काढली, तारा जुळवल्या आणि म्हणाले, “म्हण.”

शरयूनं डोळे मिटले. आपल्या एवढ्याशा चुकीची लाज तिनं कुठं झाकून ठेवली नव्हती. सासूचं सगळं करता करता, रोज ती समोर घेऊन, तिनं तो स्वर घोटला होता. गंधार असा जागेवर येऊन बसला की बुवांच्या तोंडून ‘वा’सुद्धा निघाला नाही. श्रीरंग ऐकत होता. तिचं गाणं संपेपर्यंत त्याला मान वर करवली नाही.