भुरीच्या कानातली सुईआजी

जनावरांना अंगातल्या पेशींशी बोलता यायचं, त्या काळची ही गोष्ट. भुरी नावाची एक गोरीपान म्हैस चिखलात म्हणून बसत नसे. रंग जाईल ना! दिवसभर उन्हात मिरवायची.

तिच्या कानाच्या कातडीत इवल्या पेशी राहायच्या. प्रत्येकीपाशी मण्यांची दुपदरी माळ असे. लेक झाली की आईची माळ बघून हुबेहूब तशीच तिला ओवायची, ही तिथली रीत. पण उन्हाबरोबर एक न दिसणारा किरण यायचा आणि शेजारचे दोन मणी चिकटवून जायचा. मग माळा दुरुस्त करत हिंडणारी सुईआजी ते मणी काढून, दुसरा पदर बघून नवे ओवायची.

"भुरे, चिखल लाव गं बाई! मी एकटी कुठं कुठं पुरू?"

"चिखल काळ्यांनी लावावा," भुरी म्हणायची.

एकदा आजी पोचण्याआधीच एकीला लेक झाली. चिकटलेल्या मण्यांपाशी लेकीच्या माळेत भलताच मणी ओवला गेला. पुढं नातींनी तो दोन्ही पदरांत उतरवला.

आजी धापा टाकत आली. "पोरींनो, हा मणी इथला वाटत नाही गं."

"आईचा असाच होता, आजी. दोन्ही पदर बघा."

पदर तंतोतंत जुळत होते. त्या मण्यापायी पोरींना थांबणं ठाऊकच नव्हतं. लेकींवर लेकी होत गेल्या. कानावर फोड आला, चिघळला.

"आजी, उसव ना हे," भुरी रडली.

"चिकटलेलं उसवता येतं, बाई. हे तर घराण्याचं वळण झालं."

त्या दिवशी भुरी पहिल्यांदा चिखलात जाऊन बसली. आत पोरी नव्या लेकींना माळा ओवत होत्या, अगदी आईसारख्या.