हौसाचं घोंगडं

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं बरं का! होता एक उघडाबोडका माळ, त्याच्या पायथ्याशी सोनवली नावाची चिमुकली नदी, आणि माळावर मेंढरं राखणारी हौसा. तिची आई देवाघरी गेलेली. घरात हौसा नि तिचे आबा. थंडीवाऱ्याला एकच पांघरूण, आईनं आपल्या हातानं कातलेल्या लोकरीचं काळंभोर घोंगडं. एका कडेला उसवलं होतं, तरी हौसा त्याला कुणाला हात लावू देत नसे.

त्या पावसाळ्यात गवत धड उगवलंच नाही. मेंढरांनी सगळा माळ खरवडून खाल्ला. उरला तेवढा नदीकाठचा हिरवा तुकडा. "उद्या सगळे कळप तिथंच घालायचे," वाडीतले म्हातारे सटवाजीतात्या म्हणाले.

हौसाला मात्र पाखरांची काळजी लागली! त्या गवतात तणमोरीण, गवतातच राहणारी ती लाजरी पक्षीण, अंड्यांवर बसली होती. चंडोलांची वाटीएवढी घरटी होती. टिटवीबाईंनी तर उघड्यावरच ठिपक्याठिपक्यांची अंडी मांडली होती, अगदी नदीतल्या गोट्यांसारखी. एक खूर पडला की संपलंच की हो सगळं!

सकाळी उठल्याबरोबर हौसा खांद्यावर घोंगडं टाकून तिकडे पळाली. मागोमाग भुरी आलीच, तिचं लाडकं कोकरू. हिरवं गवत दिसताच भुकेली भुरी झेपावली. हौसानं तिला पटकन उचललं.

"नको गं राणी, तिथं बाळं झोपलीत."

भुरी बें बें करून ओरडली, आणि हौसालाही रडू फुटलं.

तेवढ्यात गवताच्या तुऱ्यावरचा एक दवबिंदू टपकन उघडला, आणि आतून निघाली बोटाएवढी परी! अगंबाई, काय ते रूप! तरवडाच्या पिवळ्याधमक पाकळ्यांचं परकर-पोलकं, पिसांचे इवलेइवले पंख, केसांत लखलख दवाचे मणी.

"मी गवतपरी," ती नाजूक आवाजात म्हणाली. "दुसऱ्याच्या बाळांसाठी स्वतःचं कोकरू आवरलंस! माग, काय हवं ते माग. पण माझे दोन नियम आहेत हं. जेवढ्या जमिनीला तुझं घोंगडं पुरेल, तेवढ्याच जमिनीवर माझी जादू चालेल. आणि एकदा दिलेलं घोंगडं परत मिळणार नाही."

हौसानं मनातल्या मनात घोंगडं अंथरून पाहिलं. त्यात एक घरटं मावत होतं, फार तर दोन. मग बाकीच्या आयांनी काय करायचं? टिटवी टिवटिव करत तिच्याकडेच बघत होती.

हौसाची नजर उसवलेल्या कडेवर गेली. तिनं घोंगडं गालाला लावलं. "रागावू नको गं आई," म्हणाली, आणि दोरा ओढला!

सर्रर्र! घोंगडं उसवत चाललं, दोरा लांबत चालला. नदीकाठानं, ओढ्याकडेनं, टेकडीला वळसा घालून हौसा चालत होती. शोधत आलेले आबा बघतच राहिले.

"अगं पोरी, हे काय आरंभलंस? तुझ्या आईची एवढीच तर खूण उरली हुती!"

"आबा, आत पाखरांची बाळं हायेत."

आबांनी डोळे पुसले. मग पुढे झाले. "आण इकडं, मी घोंगडं धरतो. तू दोरा घेऊन हो म्होरं."

दोघांनी माळाला फेरा घातला. शेवटचं टोक पहिल्या टोकाला बांधलं, तेव्हा आबांच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

"परीताई," हौसा म्हणाली, "पिल्लं उडेपर्यंत आत कुणाचा खूर पडू नये. आणि मेंढरांनाही चार घास मिळतील का गं?"

परी खुदकन हसली. "अगं वेडाबाई, दोऱ्याला काय एकच बाजू असते? आतली पाखरांची, बाहेरची मेंढरांची!"

आणि काय सांगू! दोऱ्याच्या दोन्ही अंगांनी कोवळंलुसलुशीत गवत सळसळत वर आलं. भुरीनं तर बाहेरच्या बाजूला मान घातली ती वर काढीचना.

एवढ्यात कळप घेऊन तात्या आले. "सुतानं कुठं मेंढरं अडतात व्हय?" ते हसले. पण दोऱ्यापाशी येताच एकूण एक मेंढरू थांबलं आणि बाहेरच चरू लागलं. तात्यांनी हौसाला चक्क खांद्यावर घेतलं. "बघा रं समद्यांनी! ही आमच्या वाडीची पोर हाय!"

पुढे पाऊस आला. गवतानं पाणी धरून ठेवलं, सोनवली झुळझुळू लागली. एके सकाळी तणमोर गवतातून टुणकन उंच उडाला आणि पाठोपाठ पिल्लांनी पंख पसरले. चंडोल गात गात वर गेले. त्यांच्याबरोबर परीही उडाली. "येते गं, हौसा!" सोनेरी उजेडाचा एक लोट उठला आणि त्यात ती दिसेनाशी झाली.

मेंढरांची लोकर कातरली, तेव्हा घराघरांतून एकेक मूठ लोकर आली. तिचं नवंकोरं घोंगडं तात्यांनी भर सभेत हौसाच्या खांद्यावर घातलं.

आबांनी त्या घोंगड्यावरून हात फिरवला. नाक ओढत ते एवढंच म्हणाले, "तुझ्या आईनं एकट्या लेकीसाठी लोकर कातली हुती गं. लेकीनं ती साऱ्या माळाला पांघरली!"