सातपुते मास्तरांच्या घराची बोली

"पाकिटाला नुसता हात लावा, बुवा. घर मिळेल की नाही तेवढं सांगा."

भिवाबुवा गोसावी पत्रावळी लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"किती जण आहेत?"

"एकवीस. मी बाविसावा."

वासुदेव खैरनार भर दुपारी टेकडी चढून मठात आला होता. शर्ट पाठीला चिकटलेला. पंपाच्या जळालेल्या मोटारी बांधून द्यायचं दुकान त्यानं स्वतःच्या हिमतीवर उभं केलं होतं. माणूस मानी. पण भाड्याची खोली महिनाअखेर सोडायची होती, आणि या एका वर्षात पाच घरं हातातोंडाशी येऊन गेली होती. दर वेळी कुणीतरी वरचढ निघे. हल्ली बायकोनं विचारणंही सोडलं होतं.

हे सहावं. शिक्षक कॉलनीतलं, सातपुते मास्तरांचं. मास्तर दिवाळीत वारले. त्यांच्या बाई घर विकून लेकीकडे निघाल्या. गिऱ्हाइकांची झुंबड उडाली, तेव्हा एजंटानं ठरवून टाकलं. ज्यानं त्यानं आपली बोली कागदावर लिहायची, पाकीट चिकटवून द्यायचं. आज पाच वाजता सगळ्यांसमोर फोडणार.

"घर आतून पाहिलंस?" बुवांनी विचारलं.

"पाहत बसलो असतो तर हेही गेलं असतं. भिंतीला ओल असो की छत गळो. मी एकही अट घातली नाही."

"हं..."

बुवांनी दोन वाट्यांत पाणी ओतलं. एक वाटी खैरनारपुढे सरकवली. दुसरी समोरच्या घोंगडीपुढे ठेवली.

घोंगडीवर कुणी नव्हतं.

"अजून कुणी यायचंय?"

"तुझ्या आधीच आलाय. त्यालाही तेच घर पाहिजे."

खैरनार हसला. "थट्टेला मीच सापडलो का, बुवा?"

बुवा हसले नाहीत. बाहेर होले घुमत होते, ते मध्येच थांबले.

"नाव तरी सांगा त्याचं."

"सातपुते मास्तर."

"ते तर गेले."

"जगातून गेला. घरातून कुठं गेलाय..."

खैरनारच्या मानेवर काटा आला. पण हार खाईल तो खैरनार कसला.

"मेलेल्याची कसली आलीय बोली? पाच वेळा जित्या माणसांनी हरवलं मला. आता मेल्याकडून हरू?"

"मग आकडा मोठा लिहिला असशील."

"आकडा लिहिलाच नाही." त्यानं खिशातून पाकीट काढलं. आवाजात जरा ताठा आला. "आकड्यानंच आजवर घात केला. एक ओळ लिहिलीय. सगळ्यांत जास्त जो देईल, त्याच्याहून मी जास्त देईन. आता फोडा म्हणावं पाकिटं."

बुवांनी पाकीट घेतलं. कपाळाला लावलं नाही, की अंगारा लावला नाही. हात लांबवून ते घोंगडीवर ठेवलं.



घोंगडी मधोमध हळूच दबली. मांडी बदलताना दबते तशी. खैरनारनं घोंगडीपुढच्या वाटीकडे पाहिलं. काठोकाठ होतं ते पाणी अर्ध्यावर आलं होतं.

बुवांनी कान तिकडे केला. मान हलवली.

"विचारतोय, हा दिला शब्द पाळतो का?"

"खैरनारांचा शब्द आहे." तोंडून निघून गेलं.

"कबूल आहे म्हणतो. तुझ्याएवढं कुणीच लिहिलं नाही. घर तुझं."

आजवर ज्यासाठी जोडे झिजवले ते मिळालं होतं. खैरनारला आनंद होईना.

"पण त्यांनी... मास्तरांनी काय दिलं होतं त्या घराला?"

"जीव."

खैरनारनं झटकन हात पुढे केला. पाकिटाचं टोक चिमटीत धरून ओढलं. कागदच तो, पण हलेना. पलीकडून कुणी धरून ठेवावं तसा.

"बुवा, सोडायला सांगा त्यांना. मी दुसरं लिहितो. आकडा लिहितो..."

बुवांनी पत्रावळीचं पुढचं पान उचललं. बांबूची चोय टोचली. मग पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"त्यानं आपला एकट्याचा दिला. तू त्याच्याहून जास्त लिहिलंयस... घरी कोण कोण असतं तुझ्या?"