मटकीनं खाल्लेलं ऊन

"माझ्या कोठारात आग लावतोस?"

गंभीरराव महाराजांनी हरभऱ्याच्या पोत्यात खुपसलेला हात झटकन बाहेर काढला. पोतं चांगलं कढत होतं! समोर कोठावळा धोंडजी हात जोडून उभा.

"आग कुठली महाराज! मी साधी चिलीमही ओढत नाही. पोती भिजली आणि आपोआप तापली."

"आपोआप? आग नाही, ऊन नाही, आणि धान्य तापतं? मग परवा सकाळी दरबारात असंच तापवून दाखव. नाहीतर जन्मभर तुरुंगात बैस!"

महाराजांचं हे असंच. एखादी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली की तिला बाहेर पडायला वाट सापडत नसे.

धोंडजी घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. त्याची लेक ठकू मात्र मटकी निवडायला बसली.

"अगं, बाप तुरुंगात निघालाय आणि तुला उसळ सुचतेय?"

"उसळ नंतर, आबा. आधी तुमची सुटका!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दोन गाठोडी घेऊन महाराजांपुढे हजर झाली. दोन्हींत भिजवलेली मटकी, दोन्हींवर सारखंच घोंगडं. फरक एवढाच, की एकातली मटकी भिजवण्याआधी खरपूस भाजलेली होती.

"महाराज, तुमच्या हातानं ही खोलीत कोंडा. किल्ली तुमच्याच कमरेला राहू द्या!"

सकाळी भर दरबारात गाठोडी सुटली. भाजलेली मटकी थंडगार. दुसरीला टरारून मोड आलेले, आणि हात घालताच महाराज ओरडले, "अरे, ही तर गरम! जादूटोणा!"

"कसला जादूटोणा! महाराज सकाळपासून गादीवरून हलले नाहीत, तरी अंग गरम आहेच ना? पोटात चूल मांडलीय का कुणी?"

धोंडजीनं डोळेच मिटून घेतले.

महाराजांनी नकळत पोट चाचपलं. "मी जेवतो! म्हणून ऊब आहे."

"मटकीही जेवते, महाराज! वेलाच्या पानांनी उन्हात बसून अन्न रांधलं आणि दाण्यात शिदोरी बांधून दिली. कोरडा दाणा नुसता झोपलेला. पाणी लागलं की उठतो, शिदोरी सोडतो, खाऊन मोड काढतो. त्या धडपडीत त्याचं अंग तापतं. तुमच्या हाताला लागलं ते गेल्या सालचं ऊन! भाजलेली बिचारी मेलेली. ती कशाला जेवेल?"

एकदम महाराजांचे डोळे चमकले.

"बरं! आग नव्हती, कबूल. पण माझ्या हरभऱ्याला पाणी कुणी पाजलं? त्याला तर मी सोडत नाही!"

धोंडजी हळूच ठकूच्या मागे सरकला.

ठकू म्हणाली, "छपरानं पाजलं! कोठाराची कौलं काढून हत्तीखान्यावर चढवली, तेव्हापासून ते गळतंय. हुकूम कुणाचा होता, ते मी कशाला सांगू? तुरुंगाची किल्लीही महाराजांकडेच आहे. कुलूप बाहेरून लावायचं की आतून, तेवढं ठरवा!"

महाराज असे हसत सुटले की पगडी घरंगळून मटकीत पडली.

धोंडजी सुटला. ठकूच्या गळ्यात सोन्याच्या पुतळ्यांची माळ पडली. कौलं त्याच दिवशी कोठारावर परत गेली, आणि पावसात मनसोक्त भिजायला मिळालं म्हणून हत्तीही खूश झाला!