वस्तऱ्याखालची मान

एकदा एक वृद्ध ख्रिस्ती पाळक, ज्यांना सारे बाबा म्हणत, आणि त्यांचा शिष्य एका खेड्यातल्या देवळाची सेवा करीत होते. शिष्य विद्वान. बाबांपेक्षा चार इयत्ता जास्त शिकलेला, आणि ही गोष्ट तो बाबांना विसरू देत नसे.

त्याच्या बायकोचे, सुवार्ताचे, पहिले बाळंतपण होते. बाळ पोटात पायाळू होते. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोमवारी ऑपरेशन करू." शिष्याने बाईंनाच सूचना द्यायला सुरुवात केली, तेव्हा सासूबाईंनी जावयाच्या हाती रिकामा डबा देऊन त्याला गावी धाडले.

तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. पहाटे बाबांशेजारी गुडघे टेकून तो प्रार्थना करी, "प्रभू, सुवार्ता तुझ्या हाती सोपवली. आता ऑपरेशन दहाच्या आत होऊ दे. भूल मोठ्या डॉक्टरांनी द्यावी. नर्स ती चष्मेवाली असावी, दुसरी फार बोलते..." बाबांचे गुडघे बोंबलत, पण आमेन काही येत नसे.

शनिवारी बाबा म्हणाले, "चल, दाढी करून येऊ."

चिंचेखाली धोंडिबा न्हावी बसे. त्याने साबण लावून वस्तरा बाबांच्या गळ्यावर टेकवला, तोच बाबांनी त्याचे मनगट धरले. "डावीकडून घे." त्याने डावीकडून घेतले. पुन्हा मनगट. "आता वस्तरा आडवा धर." तिसऱ्यांदा धरले तेव्हा रक्ताचा थेंब आला.

"तीस वर्षं तुमची दाढी करतोय," धोंडिबा म्हणाला. "आजच काय अंगात आलंय?"

शिष्याला राहवेना. "बाबा, हात सोडा, गळा कापेल. एक तर त्याच्यावर सोपवा, नाहीतर घरी स्वतः करा."

बाबा फेसासकट हसले. "हेच तुझ्या तोंडून ऐकायला तीन पहाटे गुडघे झिजवतोय, पंडितजी."

बाबांनी धोंडिबाचे मनगट सोडले.

"लेकरा, तू प्रभूच्या हाती सुवार्ता देतोस आणि वर त्याचं मनगटही धरतोस. काळजी वाटणारच. ती त्याला सांग, रडून सांग. पण त्याला वस्तरा धरायला शिकवू नकोस. आपल्याला वाटतं, आपण माया करतो म्हणून काळजी सुटत नाही. माया असतेच रे, पण तिच्या आडून शहाणपणाही डोकावतो. मान खाली घाल, हात मांडीवर ठेव. नम्रता याहून फार मोठी नसते."

मग शिष्य पाटावर बसला. धोंडिबाने टाळूवर तळवा ठेवून त्याची मान खाली केली. हात मांडीवर ठेवायला त्याला जरा वेळ लागला. पण वस्तरा मानेवरून फिरू लागला, आणि तो विद्वान बसल्या जागी घोरू लागला.

"अर्धी मिशी उडव," बाबा कुजबुजले.

धोंडिबाने उडवली नाही. मान भल्या माणसाच्या हाती होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे शिष्य म्हणाला, "प्रभू, मला भीती वाटते. सुवार्ता तुझी, बाळ तुझं, मीही तुझाच. आमेन."

बाबांचा दुसरा गुडघा अजून टेकायचाच होता.