ओ दिल्याशिवाय

विळे हातात होते, ऊन चढायला लागलं होतं, तरी तणाला कुणी हात लावेना. मला तिथंच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आमच्या बचत गटाला भाजीसाठी मिळालेला हा तुकडा कित्येक वर्षं पडीक. कमरेएवढं गवत, त्यात घाणेरीची जाळी. पायाजवळ सळसळलं, तशी मी मागे उडी मारली.

"सरडा गं तो," यमुनाक्का म्हणाल्या. "एवढी शिकलीस आणि सरड्याला भितीस? बस. हाक मारल्याशिवाय इथं विळा लावत नाहीत. का ते सांगते."

सांगतात ते असं. या रानाची पहिली मालकीण वालूबाई. नवरा गेल्यावर तिने वाटणी मागितली. दिरांनी सगळ्यांत वाईट तुकडा दाखवला आणि पंचांसमोर अट घातली : पेरणीआधी एकटीने तण काढलंस तर तुझा. वर भावकीला शपथ घातली, हिच्याशी जो बोलेल तो भावकीबाहेर. वालूबाई सतरा दिवस राबली, म्हणे. हरळीच्या काशा, त्या जमिनीत खोल गेलेल्या चिवट मुळ्या, खणून बोटांची सालं गेली. शेवटच्या कोपऱ्यात वेलींखाली एक जुनी, बिनकठड्याची विहीर झाकली गेली होती. वेल ओढताना पायाखालची कड सुटली. ती आत लोंबकळली. हातात उंबराची एक मुळी, तेवढीच.

तिने हाक मारली. शेजारच्या रानांत भावकीतलीच माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं, हातातली कामं थांबली. पण शपथ आडवी आली. दुसरी हाक आली. माणसं एकमेकांची तोंडं बघत राहिली.

"मग? वाचली का ती?" मी विचारलं.

"ऐक तर. ती विहीर कधीच बुजवली, तो उंचवटा दिसतोय तिथं होती. पण आजही या गावात पडीक रान साफ करायचं तर आधी हाक मारतात. ज्याच्या कानावर पडेल त्याने, हाडवैर असलं तरी, ओ द्यायची. तोवर एक काडी उपटायची नाही."

"पण ती वाचली का, अक्का?"

अक्कांनी विळा खाली ठेवला.

तिसरी हाक फार बारीक आली, म्हणे. मुळी तुटत आली होती. थोरली जाऊ तुळसा खुरपं टाकून उठली. नवरा ओरडला, "बोललीस तर घराचं दार बंद!" तिने बैलाचा कासरा सोडला, हाताला गुंडाळला आणि पळता पळता सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओ दिली :

"आलेऽऽ गं वालू! सोडू नकोस!"