गणिताच्या वर्गाची प्रवेशपरीक्षा

कॉलेजात प्रौढांसाठी आरोग्य आणि गणित असे दोन प्राथमिक वर्ग निघाले. आरोग्याच्या वर्गात द्वारकाबाईंना लगेच घेतलं, पण गणिताला प्राचार्य घारपुऱ्यांनी प्रवेशपरीक्षा लावली. बाई नापास झाल्या.

“आधी बेरीज-वजाबाकी शिकून या, मग वर्गात बसा!” प्राचार्यांनी ठणकावलं.

पुढच्याच आठवड्यात आरोग्याच्या वर्गाने रक्तदाब तपासणी ठेवली. दारात द्वारकाबाई उभ्या होत्या. प्राचार्य गरगरतं डोकं धरून आले.

“सर, आधी बरे होऊन या, मग तपासू.”

“अहो बाई, बरा असतो तर इथे कशाला आलो असतो?” प्राचार्य खेकसले.

खुर्ची पुढे सरकवत द्वारकाबाई म्हणाल्या, “बसा सर. गणित येत असतं, तर मी तरी तुमच्या वर्गाला कशाला आले असते?”

प्राचार्यांनी बसून बाही वर केली. परीक्षा त्याच दिवशी रद्द झाली.